पवित्र भूमीची यात्रा अडली, लांबली, रद्द झाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायल-गाझा युद्ध सुरू झालं तेव्हापासून पवित्र भूमीच्या, म्हणजे इस्रायल-पॅलेस्टाइनमधल्या येशूच्या जीवनाशी जोडलेल्या स्थळांच्या, यात्रेचं काही खरं राहिलेलं नाही. कधी विमानं बंद, कधी सीमा बंद, कधी सगळं सुरू असतं पण घरचे सोडत नाहीत. पैसे भरलेले, सुट्टी मंजूर झालेली, बॅग अर्धी भरलेली आणि तारीख पुन्हा पुढे ढकललेली, अशा लोकांनी पाठवलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे प्रश्न कॅथलिक वाचकांचे आहेत. प्रोटेस्टंट वाचकांनी प्रश्न ११ पासून सुरुवात केली तरी चालेल.

१. यात्रा रद्द झाली. आता आमच्या हातात काय उरलं?

जे गेलं ते गेलं, हे आधी मान्य करा. गालीलच्या पाण्यात पाय बुडवणं किंवा जेरुसलेमला येशूच्या कबरीवर उभ्या असलेल्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये गुडघे टेकणं याला पर्याय नाही. वाईट वाटतंय, तर वाटू द्या.

पण यात्रेचा मोठा भाग विमानतळाच्या अलीकडेच घडत असतो. मध्ययुगातला यात्रेकरू निघण्याआधी कर्ज फेडायचा, मृत्युपत्र करायचा, ज्याच्याशी बिनसलं आहे त्याच्या दारात जाऊन माफी मागायचा, कन्फेशन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) करायचा आणि मगच धर्मगुरूच्या हातून काठी आणि झोळी घ्यायचा. यातलं एकही काम व्हिसावर अडत नाही. आपल्याकडे मात्र पासपोर्ट, फोटो, डॉलर आणि बॅगेचं वजन यांतच तयारी संपते. यात्रा अडली म्हणून निदान ही राहून गेलेली तयारी करायला सवड मिळाली.

२. ख्रिस्ती माणसाने आयुष्यात एकदा तरी जेरुसलेमला गेलंच पाहिजे का?

नाही. चर्चने असं बंधन कधी घातलेलं नाही. शोमरोनी बाईने उपासनेसाठी आमचा डोंगर खरा की जेरुसलेम खरं असं विचारलं, तेव्हा येशूने तिला आत्म्याने आणि खरेपणाने करायच्या उपासनेबद्दल सांगितलं (योहान, अध्याय ४).

चौथ्या शतकात संत जेरोम स्वतः बेथलेहेममध्ये राहत होता. नोलाच्या पॉलिनसला त्याने लिहिलं की स्वर्गाचं दार जेरुसलेमहून जितकं उघडं आहे तितकंच ब्रिटनहूनही आहे. न्यिसाचा संत ग्रेगरी जेरुसलेमला जाऊन आला आणि जागा बदलल्याने देव जवळ येत नाही असं त्याने बजावलं. हे दोघेही तिथली धूळ अंगावर घेतलेले होते, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन आहे. ते वाचून कोणी यात्रा सोडून दिली नाही, हेही खरं.

३. घरी किंवा गावातच केलेली यात्रा ‘खरी’ धरायची का? की मनाची समजूत?

तुमच्या चर्चच्या भिंतीवरच्या चौदा चित्रांकडे बघा. ती क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीतली ‘स्थानं’ एकेक करत प्रार्थना करत जाणं. ही मुळात जेरुसलेमला जाऊ न शकणाऱ्यांची यात्रा आहे. पवित्र भूमीतल्या स्थळांची जबाबदारी चौदाव्या शतकापासून फ्रान्सिस्कन (असिसीच्या संत फ्रान्सिसच्या संघातल्या) धर्मबंधूंकडे आहे. लांबचा समुद्रप्रवास, खर्च, चाचे, लढाया यांमुळे युरोपातल्या बहुतेकांना तिथे पोहोचता येत नव्हतं. म्हणून ती वाट गावोगावच्या चर्चमध्ये आली आणि १७३१ साली पोप क्लेमेंट बारावे यांनी स्थानांची संख्या चौदा अशी कायम केली. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या दर शुक्रवारी आपण जे करतो ते अडलेल्या प्रवासातूनच जन्माला आलं आहे.

ही काही एकच गोष्ट नाही. बेर्नार्दिनो काइमी हा फ्रान्सिस्कन पवित्र भूमीत राहून आला आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत वराल्लो इथल्या डोंगरावर त्याने प्रति-जेरुसलेम उभारायला घेतलं. बेथलेहेम, नाझरेथ, कबर अशी एकेक चॅपेलं चढत जायची. त्याच सुमारास जर्मनीत उल्मचा डॉमिनिकन फेलिक्स फाब्री दोनदा पवित्र भूमीला जाऊन आला होता. मठाची वेस ओलांडता न येणाऱ्या धर्मभगिनींनी त्याला गळ घातली. त्याने त्यांच्यासाठी दिवसवार मजकूर लिहून दिला: आज एवढं वाचायचं, आज मनाने इथपर्यंत पोहोचायचं.

तेव्हा समजूत म्हणून याला हिणवू नका. महाराष्ट्रात तर हे समजावून सांगावंच लागू नये. २०२० साली पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्यांनी घरीच हरिपाठ म्हटला. त्यांची वारी झाली नाही असं कोणी म्हणालं नाही.

४. मग नेमकं करायचं काय? काही आखीव कार्यक्रम सांगा.

टूरवाल्याने दिलेला कार्यक्रमाचा कागद फेकू नका. तोच पुढ्यात घ्या. हॉटेलांची नावं आणि जेवणाच्या वेळा खोडा. उरलेल्या प्रत्येक ठिकाणासमोर त्या ठिकाणचा शुभवर्तमानातला उतारा लिहा: नाझरेथ, लूक १:२६-३८, काना, योहान २:१-११, कफर्णहूम, मार्क २:१-१२. मग ज्या तारखांना तुम्ही तिथे असणार होतात त्याच तारखांना तो कार्यक्रम पार पाडा. सुट्टी मंजूर झालेलीच आहे, ती परत करू नका.

रोज तीन गोष्टी पुरेत: उतारा, चालणं आणि कोणाला तरी काही देणं. पहाटे चाला. फोन घरी ठेवा, निदान पिशवीच्या तळाशी. शक्य असेल तिथे चालत चर्चला जा आणि मिस्सा (कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना) करून चालतच परत या.

बेथलेहेमच्या दिवसाकडे नीट लक्ष द्या. तिथल्या जन्ममंदिराचं दार जेमतेम १.२ मीटर उंच आहे. बिशप असो की पंतप्रधान, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. घरी असं दार नसतं. पण ज्याच्यापुढे वाकायचं राहून गेलं आहे असा माणूस प्रत्येक घरात, भावकीत असतो. त्या दिवशी त्याच्याकडे जा. विमानाने जाण्यापेक्षा हे अवघड आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे.

गट असेल तर अम्माऊसची वाट जरूर करा. येशू गेल्यावर हताश झालेले दोन शिष्य जेरुसलेमहून या गावाकडे चालले होते. लूकच्या २४ व्या अध्यायात ते अंतर साठ स्टेडिया दिलं आहे, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. दोघादोघांनी चालायचं. अर्ध्या वाटेपर्यंत काय काय मनासारखं झालं नाही तेच बोलायचं. त्या दोन शिष्यांचंही तेच चाललं होतं, आम्हाला केवढी आशा होती आणि झालं काय. उरलेल्या वाटेवर तोंड मिटून चालायचं आणि शेवटी एकत्र बसून भाकर मोडायची. रद्द झालेल्या यात्रेला यापेक्षा चपखल उतारा मला माहीत नाही.

वसईकरांनी सुरुवात किल्ल्यातल्या पडक्या चर्चपासून करावी. संत गोन्सालो गार्सिया इथलाच. घर सोडून पूर्वेकडे गेला, फ्रान्सिस्कन झाला आणि १५९७ साली नागासाकीला क्रूसावर मेला. पवित्र गुरुवारी सात चर्चना भेट द्यायची मुंबईकडची रीतही वर्षात कधीही वापरता येईल, त्यासाठी पवित्र आठवड्याची वाट बघायला नको.

शेवटची गोष्ट चिठ्ठ्यांची. तुम्ही जाणार म्हणून शेजारपाजारच्यांनी प्रार्थनेच्या विनंत्या दिल्या असतील: मुलाचं लग्न, सुनेचं बाळंतपण, कोणाची दारू. त्या चिठ्ठ्या ‘आता काय उपयोग’ म्हणून कपाटात टाकू नका. चालताना त्या खिशात असू द्या आणि रोज दोन-चार उघडून वाचा. देणाऱ्याला कळवाही.

५. यूट्यूबवर पवित्र स्थळांचे व्हिडिओ पाहिले, लाइव्ह मिस्सा पाहिली, तर?

पाहा, पण त्यालाच यात्रा म्हणू नका. स्क्रीनवर जेरुसलेम बघताना चौथ्या मिनिटाला हात मेसेजकडे जातो. बघायचंच असेल तर उतारा वाचून झाल्यावर एकच जागा, पाच-दहा मिनिटं. लूर्दच्या गुहेचं थेट प्रक्षेपण चोवीस तास सुरू असतं आणि तिथे बहुतेक वेळ काहीच घडत नाही. म्हणूनच ते मला इतर व्हिडिओंपेक्षा बरं वाटतं.

रविवारची मिस्सा हा वेगळा विषय आहे. ज्याला चर्चला जाता येतं त्याचं कर्तव्य फोनवर पाहून पूर्ण होत नाही. जो आजारी आहे त्याच्यावर मुळात ते बंधनच नाही.

६. न जाता दंडमाफी मिळते का?

मिळू शकते. दंडमाफी म्हणजे पापाची क्षमा झाल्यावरही उरणाऱ्या शिक्षेतून सूट. नेहमीच्या अटी लागू आहेत: कन्फेशन, कम्युनियन (मिस्सेतला प्रभुभोजनाचा प्रसाद घेणं), पोप महोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ मनातून सोडणं. या अटींसह विधिवत स्थापलेल्या चौदा स्थानांसमोर क्रूसाची वाट केली तर पूर्ण दंडमाफी आहे, आणि त्यासाठी जेरुसलेमचंच चर्च लागत नाही. एका स्थानापासून पुढच्या स्थानापर्यंत सरकायचं असतं. गर्दीत सगळ्यांना हलता येत नसेल तर वाट चालवणारा हलला तरी पुरतं. ज्यांना चर्चलाच जाता येत नाही त्यांनी प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन आणि मनन करावं.

२०२५ च्या ज्युबिलीची (कॅथलिक चर्चच्या पवित्र वर्षाची) खास दंडमाफी ६ जानेवारी २०२६ ला संपली. पण तिच्या आदेशातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आजारी, तुरुंगातले, एकटे पडलेले वृद्ध यांना भेटायला जाणं म्हणजे त्यांच्यातल्या ख्रिस्ताकडे केलेली यात्राच, असं त्यात म्हटलं होतं. घरचं कोणी अंथरुणाला खिळलं आहे म्हणून यात्रा सोडावी लागली अशांनी हे दोनदा वाचावं.

७. नवस बोललो होतो. आता जाता येत नाही. नवस मोडल्याचं पाप लागेल का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि सर्वांत जास्त भीतीही याच्याच मागे असते.

आधी बघा, तो नवस होता का? नवस म्हणजे देवाला समजून-उमजून, कोणाच्या दबावाखाली न येता दिलेलं वचन. ‘ऑपरेशन नीट झालं तर जेरुसलेमला जाऊ या’ असं हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये चहा पिताना बायकोला म्हणालात, तर ती इच्छा झाली. सासूबाईंनी तुमच्या वतीने परस्पर बोललेला नवसही तुमच्यावर बंधनकारक नाही.

खरोखर वचन दिलं असेल तरी वाट बंद नाही. चर्चच्या कायद्यातले क्रमांक ११९१ पासूनचे नियम याच विषयावर आहेत. वचन ज्यावर उभं होतं ती परिस्थितीच मुळापासून बदलली तर नवस संपतो. वचन देणाऱ्याला तो तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृत्यात स्वतःहून बदलता येतो. आणि रास्त कारण असेल, दुसऱ्या कोणाचा हक्क बुडत नसेल, तर तुमच्या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू खाजगी नवसातून मोकळीक देऊ शकतात. फादरना भेटा आणि सरळ सांगा. दहा मिनिटांचं काम असतं, त्यासाठी लोक वर्षानुवर्षं झोप घालवतात.

देवाने सूड म्हणून मुलाला आजारी पाडलं, असं सांगणारे भेटतील. अशांना चहा द्या आणि विषय बदला.

८. आईला जायचं होतं. ती राहिली नाही. तिच्या वतीने मी करू शकतो का?

हो. तुम्हाला मिळालेली दंडमाफी मृत व्यक्तीसाठी अर्पण करता येते. क्रूसाची वाट आईसाठी करा, मिस्सा सांगा.

इथे एक फरक लोकांच्या ध्यानात येत नाही. आई हयात असेल आणि गुडघ्यांमुळे घरी असेल, तर तुम्ही तिच्या नावाने दंडमाफी ‘घेऊन’ येऊ शकत नाही. जिवंत माणसाने ती स्वतःच मिळवायची असते. तिच्यासाठी प्रार्थना मात्र हवी तितकी करा. आईने यात्रेसाठी साठवलेल्या पैशांचं काय करायचं, यासाठी प्रश्न १२ पाहा.

९. पुढची तारीख दिली आहे. जावं की नाही, कसं ठरवू?

हा भाग आध्यात्मिक कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा, व्हॉट्सअपवर फिरणारी नव्हे, मंत्रालयाच्या साइटवरची. विम्याची कागदपत्रं वाचा. बहुतेक प्रवासविम्यांत युद्धामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. रद्द झाल्यास किती पैसे परत आणि किती ‘पुढच्या टूरमध्ये वळते’, हे लेखी घ्या. सोबत फादर आहेत म्हणून कागद मागायची लाज वाटून घेऊ नका.

बेथलेहेम वेस्ट बँकेत येतं आणि तिथे जायला नाका ओलांडावा लागतो. जेरुसलेम उघडं असूनही बेथलेहेमचा दिवस रद्द होऊ शकतो. हे आधी विचारून घ्या.

१०. ‘देवावर भरवसा असेल तर भ्यायचं कशाला’ असं गटातले म्हणतात.

मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं येशूला कोण म्हणालं होतं ते मत्तयच्या चौथ्या अध्यायात पाहा. २०२० साली मार्च महिन्यात पवित्र कबरीच्या चर्चचे दरवाजेच साथीमुळे बंद झाले होते, ते काही श्रद्धा कमी पडली म्हणून नव्हे.

११. आम्ही प्रोटेस्टंट. दंडमाफी, नवस मानत नाही. मग आमच्यासाठी यात काय आहे?

मार्टिन लूथरने यात्रांवर कडक टीका केली होती, आणि त्या काळचा यात्रांचा बाजार पाहता त्याला कारणही होतं. पण वाटसरूपण तुमच्याच बायबलात भरलेलं आहे. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय घ्या. तिथले विश्वासाचे लोक वचनं दुरून पाहून त्यांना नमस्कार करतात आणि पोहोचण्याआधीच मरतात. स्तोत्रं १२० ते १३४ ही आरोहणस्तोत्रं, जेरुसलेमकडे चढून जाणाऱ्यांची. पंधरा आहेत. रोज एक, मोठ्याने, शक्यतो चालत म्हणा. रेव्हरंड ना. वा. टिळकांपासून आपल्याकडे ख्रिस्ती अभंग-भजनांची परंपरा आहे, तेव्हा चालीची अडचण पडू नये. प्रश्न ४ मधलं बाकी सगळं तुम्हालाही लागू आहे.

१२. परत मिळालेल्या पैशांचं काय करावं?

तुमचे पैसे आहेत. घराचं छप्पर गळत असेल तर ते आधी. पण सगळे फ्रिज-टीव्हीत जाणार असतील तर थोडं थांबा.

यात्रा थांबल्याचा फटका तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त बेथलेहेमच्या ख्रिस्ती कुटुंबांना बसला आहे. जैतुनाच्या लाकडाचे गाईगोठे, शिंपल्याच्या क्रूसमाळा, छोटी गेस्टहाउसं, वाटाड्याचं काम, सगळं यात्रेकरूंवर चालतं. २०२३ च्या नाताळात तर तिथल्या सार्वजनिक सोहळ्यालाच फाटा द्यावा लागला. शुभ शुक्रवारची चर्चमधली वर्गणी पवित्र भूमीसाठी असते. दरवर्षी तीत दहाची नोट टाकली असेल तर या वर्षी यात्रेच्या खर्चाचा एक वाटा टाका. आईची साठवण असेल तर तिच्या नावाने.

१३. त्याऐवजी वेलांकनी, मोतमाउली किंवा गोवा चालेल का?

चालेल, पण बदली खेळाडू म्हणून नको. तमिळनाडूतल्या वेलांकनीचा सण २९ ऑगस्टला झेंडा चढवून सुरू होतो आणि ८ सप्टेंबरला संपतो. मुंबईहून विशेष गाड्या सुटतात आणि त्या फार लवकर भरतात. वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचा सण ३ डिसेंबरला असतो. शवदर्शन मात्र दहा वर्षांतून एकदा, आणि मागचं २०२४-२५ मध्ये झालं.

जवळची यात्राही अडू शकतेच. मोतमाउलीची जत्रा २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षं भरली नाही. लोकांनी घरीच नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) केली.

१४. आमचा गट अर्ध्या वाटेवरून परतला. जॉर्डन झालं, जेरुसलेम राहिलं. ही यात्रा झाली की नाही?

झाली. जॉर्डनच्या कार्यक्रमात नेबो पर्वत बहुतेक असतोच. तिथे उभं राहून मोशेने वचनदत्त भूमी पाहिली, त्याला आत जायची परवानगी नव्हती (अनुवाद, अध्याय ३४). चाळीस वर्षं चालून आलेल्या माणसाची यात्रा अपुरी असं बायबल म्हणत नाही. यार्देनच्या पूर्व तीरावरचं बाप्तिस्म्याचं स्थळही जॉर्डनमध्येच आहे. गावी परतल्यावर गटाने जमून उरलेल्या दिवसांचे उतारे वाचून पूर्ण करावेत. ‘पैसे फुकट गेले’ ही चर्चा त्यानंतर करावी, म्हणजे ती आटोपशीर होते.

१५. बाकीचे गेले, मी एकटीच मागे राहिले. ग्रुपवरचे फोटो बघवत नाहीत.

मग बघू नका. ग्रुप म्यूट करा, त्यात वाईट काही नाही. जाणाऱ्या एखाद्या मैत्रिणीकडे तुमची चिठ्ठी द्या आणि तिच्या घरचं काहीतरी काम या दिवसांत स्वतःकडे घ्या: सासऱ्यांची औषधं, झाडांना पाणी, मुलांचा डबा. ती तुमच्यासाठी तिथे गुडघे टेकेल, तुम्ही तिच्यासाठी इथे उभ्या राहाल. बाकी दिवस प्रश्न ४ प्रमाणे.

१६. यार्देनचं पाणी, जेरुसलेमची माती ऑनलाइन मागवावी का?

आठवण म्हणून घरात ठेवायला हरकत नाही, ताईत म्हणून नको. अशा वस्तूंचा मोह जुनाच आहे. चौथ्या शतकात जेरुसलेमला गेलेल्या एजेरिया नावाच्या यात्रेकरू बाईने लिहून ठेवलं आहे की शुभ शुक्रवारी क्रूसाच्या लाकडाचं चुंबन घेताना कोणीतरी दातांनी तुकडा तोडून पळवला होता, तेव्हापासून डीकन (धर्मगुरूंचे सहायक) दोन्ही बाजूंना पहारा देत. संतांचे अवशेष विकणं चर्चच्या कायद्याने मना आहे, त्यामुळे तसलं काही कोणी किंमत लावून देऊ करत असेल तर घेऊ नका. पाण्याची बाटली आलीच तर ती कपाटात ठेवा, कोणाला पाजू नका. ते पाणी पिण्यासारखं नसतं.